अभिरूप सरकारचा खरा धडा

विद्यार्थ्यांना राज्यकारभाराचे शिक्षण द्यावयाचे असेल, तर त्याविषयीची पुस्तके वाचावयास देऊन भागत नाही. काही काळ तो कारभार त्यांच्या हाती सोपवून पाहिला पाहिजे. हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांतून अभिरूप संसद भरविण्यास शासनाने उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा सुरू झाल्या. विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालये तर त्याहूनही जुनी. अमेरिकेतील विद्यापीठांत १९२० च्या दशकातच विद्यार्थी राष्ट्रसंघाच्या अभिरूप सभा भरवीत असत. पुढे राष्ट्रसंघ गेला, संयुक्त राष्ट्रसंघटना आली, आणि तिच्या अभिरूप सभांचे लोण आता मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबादच्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत (हे शहर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले) पोहोचले आहे.

या सभांत अलीकडे एक निराळा प्रकार लोकप्रिय झाला आहे. विद्यार्थी आजच्या एखाद्या राष्ट्राचे प्रतिनिधी न होता इतिहासातील एखाद्या क्रांतिकारी सरकारचे सभासद होतात. कोणी अर्थमंत्री, कोणी सेनापती, कोणी परराष्ट्रमंत्री. सभेचे संचालक वेळोवेळी बातमी आणून देतात : अमुक शहर पडले, अमुक सहकारी फितूर झाला, तिजोरीत पैसा उरला नाही. त्या बातमीवर मंडळाने तिथल्या तिथे निर्णय घ्यावयाचा, आणि त्या निर्णयातून पुढची परिस्थिती उद्भवावयाची. पाठांतराने उत्तीर्ण होण्याची सवय जडलेल्या आपल्या शिक्षणक्रमात हा प्रकार स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. इतिहास घडला तसाच घडणे अटळ नव्हते; तो माणसांच्या निर्णयांनी घडला, हे सत्य विद्यार्थ्याला दहा व्याख्यानांतून उमगणार नाही, ते अशा एका दुपारी उमगू शकते.

परंतु या खेळाचे आज जे रूप दिसते त्यात दोन उणिवा ठळकपणे जाणवतात. पहिली अशी की, त्यात पारितोषिक प्रायः वक्तृत्वाला आणि कुरघोडीला मिळते. ज्याने सर्वाधिक ठराव मांडले, ज्याने प्रतिपक्षाला निरुत्तर केले, तो उत्कृष्ट प्रतिनिधी ठरतो. ज्याने सावधपणे हिशेब विचारला, तो मागे पडतो. दुसरी उणीव अशी की, क्रांती म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पॅरिस किंवा पेट्रोग्राड उभे राहते. तेथील माणसे मेली ती दूर आणि पूर्वी. त्यांच्या मृत्यूचा भार आज कोणाच्याही मनावर नाही. त्यामुळे फाशीच्या हुकमावर सही करणारा विद्यार्थी पुढच्याच क्षणी चहाच्या रांगेत हसत उभा राहू शकतो. क्रांतीचे सरकार ही जगातील सर्वात अवघड सत्ता आहे. तिच्या अभिनयातून जर सत्ता ही गंमत आहे एवढाच संस्कार होणार असेल, तर तो अभिनय न झालेला बरा.

यावर उपाय एकच. क्रांती आपली निवडावी, आणि तिच्यातील अवघड प्रश्न टाळू नयेत. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव घ्या. कयाधू नदीच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना वंदनीय आहे. ज्या नामदेवांनी पंजाबपर्यंत जाऊन परभाषी लोकांच्या मनात स्थान मिळविले, ज्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतरचा स्वतंत्र भारत. एका तीरावर राष्ट्रध्वज उभारणे हा उत्सव होता, दुसऱ्या तीरावर तोच गुन्हा होता. नदीच्या पात्राएवढ्या अंतरावर दोन सार्वभौमत्वाचे दावे समोरासमोर उभे होते. राजनीतीचा याहून प्रत्यक्ष धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल?

आणि हा प्रश्न नदीकाठीच राहिला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. तो कोणी मोडला यावर दोन्ही बाजूंनी आरोप-प्रत्यारोप झाले. कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेच्या अत्याचारांनी गावेच्या गावे सीमेपलीकडे गेली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदविली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, आणि १६ सप्टेंबरला पॅरिस येथे सुरक्षा परिषदेची बैठक भरली. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा की नाही यावर मतदान झाले. आठ सभासद अनुकूल होते, चीन, सोव्हिएत रशिया आणि युक्रेन हे तीन तटस्थ राहिले. भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली, संस्थानची नवाब मोईन नवाज जंग यांनी. दुसऱ्याच दिवशी निजामाच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, आणि काही दिवसांत निजामाने तक्रार मागे घेण्यास सांगितले. ज्या सभेचा अभिनय आपले विद्यार्थी इतर राष्ट्रांच्या नावाने करतात, त्याच सभेत एकदा नरसीसारख्या सहस्रावधी खेड्यांचे भवितव्य चर्चेस आले होते, ही गोष्ट मराठवाड्यातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

मात्र सुरक्षा परिषदेचा अभिनय म्हणजे क्रांतिकारी सरकारचा अभिनय नव्हे. त्यासाठी मराठी विद्यार्थ्याला साताऱ्याकडे वळावे लागेल. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेल्यावर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या बऱ्याचशा भागात, शेतकऱ्यांचे मोर्चे तालुका कचेऱ्यांवर गेले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला गोळीबार होऊन ९ जण हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोघांचे बळी गेले. निःशस्त्र मोर्चाचा मार्ग असा रक्ताने बंद झाल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले, आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर यांच्यासारखे तरुण त्याचे आधारस्तंभ होते. हौसाताई पाटील आणि इंदुताई पाटणकर यांच्यासारख्या स्त्रियांनीही त्याची जबाबदारी उचलली. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र, आणि ते औंध संस्थानच्या हद्दीत होते, ही बाब राजनीतीच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. गावोगाव न्यायदान मंडळे होती, तुफान सेना होती, दारूबंदी होती, कमी खर्चाचे विवाह होते, ग्रंथालये होती. बंगालमधील तामलुकच्या जातीय सरकारखेरीज त्या आंदोलनातून उभी राहिलेली इतकी दीर्घकाळ टिकलेली दुसरी सत्ता क्वचितच दाखविता येईल.

या सरकारचे सभासद म्हणून बसणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे कोणते प्रश्न येतील? पहिला प्रश्न न्यायाचा. या सरकारकडे तुरुंग नव्हता. पोलिसांना बातमी देणारा, दरोडेखोर, गावगुंड, स्त्रीवर अत्याचार करणारा यांना शिक्षा द्यावयाची ती कशी? तळपायांवर मार देण्याची शिक्षा रूढ झाली, आणि त्यावरूनच लोकांच्या तोंडी प्रतिसरकारचे 'पत्री सरकार' झाले असे सांगितले जाते. दरोडेखोरांचा बंदोबस्त झाल्यामुळे गावकरी समाधान पावले, हे खरे. पण आरोप खोटा असेल तर? भाऊबंदकीच्या वैरातून कोणी शेजाऱ्याचे नाव 'फितूर' म्हणून दिले असेल तर? त्या माणसाने दाद कोठे मागावी? निवडणुकीने न आलेल्या सत्तेला कोणाच्याही अंगावर हात टाकण्याचा अधिकार कोठून येतो, आणि तो कोठे थांबतो? पाठ्यपुस्तकातील एका गौरवपर परिच्छेदात या प्रश्नाला जागा नसते. अभिरूप मंडळात मात्र त्याला सामोरे जाण्यावाचून गत्यंतर नसते, कारण आरोपी समोर उभा असतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी हस्तगत केला. रक्कम सुमारे साडेपाच लाख होती. तो पैसा कोणाचा? तो कोणत्या कामाला लावावा, त्याचा जमाखर्च कोणी ठेवावा, आणि तो कोणाला दाखवावा? खजिना लुटण्याचे धाडस रोमहर्षक असते; त्यानंतर वहीत एकेक रकमेची नोंद करणे कंटाळवाणे असते. परंतु लूट आणि राजस्व यांतील भेद त्या वहीनेच ठरतो. कारकुनाच्या कामाला तुच्छ लेखणाऱ्या तरुणाला हा एक विचार पटला तरी त्या दिवसाचे श्रम सार्थकी लागतील.

तिसरा प्रश्न सर्वात नाजूक. मे १९४४ मध्ये गांधीजींची सुटका झाली. त्यानंतर त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना प्रकट होऊन शासनाच्या स्वाधीन होण्याचा सल्ला दिला. ज्यांच्या 'चले जाव'च्या हाकेवर हे सारे उभे राहिले, त्यांचाच हा सल्ला. मानावा की न मानावा? मानला तर ज्या गावकऱ्यांनी आश्रय दिला त्यांचे काय होणार? न मानला तर गांधीजींच्या नावाने चळवळ चालविण्याचा अधिकार उरतो काय? नाना पाटील आणि त्यांचे बहुतेक सहकारी भूमिगतच राहिले, आणि १९४६ साली प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यानंतर वॉरंटे उठल्यावर ते प्रकट झाले. इतिहासाने काय निवडले हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ते का निवडले, आणि दुसरी बाजूही किती सबळ होती, हे त्यांना त्या जागी बसल्याखेरीज कळत नाही.

पॅरिसशी तुलना केली म्हणजे या प्रश्नांचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. जून १९९४ नव्हे, जून १७९४ मधील, म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याने फ्रान्सच्या क्रांतिकारी न्यायालयातील आरोपीचा वकील काढून घेतला; पुढच्या दीड-दोन महिन्यांत एका पॅरिसमध्ये हजाराहून अधिक माणसांचा शिरच्छेद झाला, आणि जुलैअखेर तो कायदा आणविणाऱ्या रोबेस्पिअरचीही तीच गत झाली. ते लोक जन्मतः क्रूर नव्हते. संकटाच्या नावाखाली एकेक मर्यादा ओलांडण्याची त्यांना सवय झाली. साताऱ्याचे प्रतिसरकार त्या मार्गाने गेले नाही, याचे एक मोठे कारण असे की, ते गावावर जगत होते. ज्या घरात भाकरी खावयाची, त्या घराचा विश्वास गमावून त्याला एक दिवसही टिकता आले नसते. लोकांच्या संमतीचा हा धाक कोणत्याही घटनेतील कलमाइतकाच प्रभावी ठरला. परंतु तो धाक गावातील दुबळ्यांना, दलितांना, एकाकी पडलेल्या माणसाला कितपत उपयोगी पडला असेल, हाही प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारलाच पाहिजे.

आता पुन्हा मराठवाड्याकडे यावे. येथील लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांतून त्यांनी पिढी घडविली. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी शिक्षणाचे नुकसान पत्करले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. हिंगोली जिल्ह्यातील वसमतचे महाविद्यालय आजही हुतात्मा बहिर्जींचे नाव धारण करून आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येच्याच दिवशी, उमरीच्या बँकेवर छापा घालून मुक्तिसैनिकांनी वीस लाखांच्या आसपास रक्कम हस्तगत केली. साताऱ्याचे तिन्ही प्रश्न येथेही जसेच्या तसे उभे राहतात.

येथे एक चौथा प्रश्नही आहे, आणि तो टाळून हा विषय वर्गात आणणे अप्रामाणिकपणाचे होईल. रझाकारांनी जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. पोलिस कारवाईनंतरच्या दिवसांत उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत विशेषतः, निरपराध मुसलमानांची जी हत्या झाली, तिची चौकशी पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस केली. २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. जुलमी सत्ता गेली आणि नवी सत्ता अद्याप गावापर्यंत पोहोचली नाही, अशा त्या रिकाम्या दिवसांत शेजाऱ्याचे रक्षण कोणी करावयाचे होते? मुक्तीच्या मंडळात बसणाऱ्या विद्यार्थ्याने १७ सप्टेंबरच्या सायंकाळी पहिला ठराव विजयोत्सवाचा मांडावा की संरक्षणाचा? या एका प्रश्नावर तासभर चर्चा झाली, तर ती दहा स्मृतिदिनांच्या भाषणांहून मोलाची ठरेल.

यावर आक्षेप येतील. अशा खेळाने जुन्या जखमा उघड्या होतील, असे कोणी म्हणेल. जखमा मौनाने भरून येत नाहीत. ज्यांच्याविषयी शाळेत बोलले जात नाही, त्यांच्याविषयी चव्हाट्यावर बोलले जाते, आणि तेथे शिक्षक नसतो. कायदेभंगाचे शिक्षण मिळेल, असे दुसरा म्हणेल. उलट, कायदा नसलेल्या ठिकाणी न्याय करणे किती दुष्कर असते हे ज्याने अनुभवले, त्याला न्यायालयाची, अपिलाची आणि मतपेटीची किंमत अधिक कळेल. परीक्षेच्या धांदलीत वेळ कोठून आणावा, हा शिक्षकांचा आक्षेप मात्र खरा आहे. परंतु १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन मराठवाड्यातील प्रत्येक शाळेत साजरा होतोच. ध्वजारोहण आणि भाषणे यांच्या जोडीला त्या आठवड्यातील तीन दुपारी याला देता येतील.

त्यासाठी वातानुकूलित सभागृह नको, सूटबूट नको, इंग्रजीचेही अडून राहिलेले नाही. नरसीच्या एखाद्या वर्गात पंचवीस विद्यार्थी बसले तरी पुरे. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, म्हणजे जातीने किंवा धर्माने कोणती भूमिका कोणाची हे आधीच ठरणार नाही. मंडळाच्या सभासदांबरोबर आरोपी असावा, आश्रय देणारी गृहिणी असावी, पाटील असावा, अल्पसंख्य शेजारी असावा, आणि प्रत्येक निर्णयापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असावे. एकाने इतिवृत्त लिहावे, एकाने जमाखर्चाची वही ठेवावी, विरोधी मताची नोंद शब्दशः करावी. तिसऱ्या दिवशी भूमिकांची अदलाबदल करावी : काल ज्याने शिक्षा सुनावली त्याने आज ती ऐकून घ्यावी. पारितोषिक द्यावयाचेच असेल, तर ते ज्याचे इतिवृत्त आणि वही सर्वात चोख असेल त्याला द्यावे.

तो काळ पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्या आठवणी नातवंडांकडून लिहून घेण्यालाही फार अवधी राहिलेला नाही. क्रांतीचे पुतळे आपण पुष्कळ उभारले; तिच्या निर्णयांचा भार मात्र नव्या पिढीच्या खांद्यावर कधी दिला नाही. तो एकदा वाहून पाहिलेला विद्यार्थी उद्या ग्रामपंचायतीत बसेल, कचेरीत बसेल, वर्गावर उभा राहील, तेव्हा समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून तो कागदावर सही करणार नाही. अभिरूप सरकारचे यश मोजावयाचे असेल, तर ते याच कसोटीवर मोजावे.